अमळनेरचं घर विकायचं आहे

प्रेषक: प्रमोद, एडिसन
विषय: अमळनेरचं घर विकायचं आहे, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आमचं अमळनेरचं घर विकायचं चाललं आहे. जुन्या गावातलं घर. पुढचा भाग धाब्याचा, मागे अण्णांनी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. अण्णा गेल्यापासून आई नाशिकला धाकट्या भावाकडे असते आणि घराला कुलूप आहे. गेल्या पावसाळ्यात धाब्याचा एक खण खाली आला. तेव्हापासून भावाचा धोशा आहे की पडण्याआधी देऊन टाकू.

शेजारच्यांचा मुलगा घ्यायला तयार आहे. आत्ता इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घ्या, स्टॅम्पवर लिहून ठेवू, बाकीचे खरेदीच्या वेळी, असं म्हणतो. भावाला वाटतं हे गिऱ्हाईक सोडू नये. बहीण चोपड्याला दिलेली आहे. तिला विचारलं की ती म्हणते, "तुम्ही ठरवाल ते," आणि फोन आईकडे द्या म्हणते. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव आहे.

इथे मध्यरात्र उलटली की तिकडचे फोन सुरू होतात. रोज नवा कागद, रोज नवा प्रश्न. झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात लक्ष लागत नाही. सुरुवात कुठून करावी, एवढं कोणी सांगितलं तरी फार उपकार होतील.

प्रमोद

—

प्रेषक: वंदना, जळगाव
विषय: उत्तर: अमळनेरचं घर विकायचं आहे, सल्ला हवा

प्रमोदभाऊ,

न्यू जर्सी सोडून जळगावला परतले तरी आपली ही ईमेल लिस्ट मी सोडलेली नाही, म्हणून तुमचं पत्र दिसलं.

इसार घेऊ नका. बाकीचं सगळं नंतर. इसारपावती केली की तिच्यात मुदत लिहावी लागते. कार्डावर नाव आजोबांचं, विकणारे तुम्ही आणि मुदत डोक्यावर, अशा अवस्थेत घरातली माणसं एकमेकांवर ओरडू लागतात. शेजारी कितीही भला असो, त्याने कर्जासाठी अर्ज केला की बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा अहवाल, काढतो आणि आजोबांच्या नावाशी येऊन थांबतो. मग भला शेजारीही चिडतो, कारण त्याचे पैसे तुमच्याकडे अडकलेले असतात.

आता एक विचारते, राग मानू नका. आजोबांना मुली किती?

तुम्ही आई, भाऊ आणि बहीण मोजलीत. पण नाव आजोबांचं आहे, तेव्हा वारस आजोबांपासून मोजायचे. ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर गेले असतील तर मुलींचा वाटा आहेच, आणि एखादी आत्या नंतर वारली असेल तर तिचा वाटा तिच्या वारसांकडे गेलेला आहे. घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल उरलेली शंकाही दूर केली. कोणाचा वाटा किती, हे वकील वंशावळ पाहून सांगतील. आपल्याकडे याबद्दल बोलायची रीत नाही. आत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते, झोका खेळते, साडीचोळी घेऊन परत जाते, आणि तिचं माहेराशी देणंघेणं तेवढंच असं सगळे धरून चालतात. कायदा तसं धरत नाही.

म्हणून आधी वंशावळ कागदावर काढा. प्रत्येक नावापुढे हयात की मयत, राहायला कुठे, फोन कोणाकडे, हे लिहा. मयतांचे मृत्यू दाखले गोळा करा. जुन्या माणसांचे दाखले मिळवणं हेच पुष्कळदा सगळ्यात वेळखाऊ काम ठरतं, तेव्हा ते आजच कोणाला तरी सोपवा. मग नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करायचा. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोटिसा निघतात, कोणाची हरकत नसेल तर फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर होतो आणि कार्डावर सगळ्या वारसांची नावं चढतात. नगरपरिषदेच्या घरपट्टीवर अण्णांचं नाव असेल तर त्यावर विसंबू नका. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. तीही बदलून घ्या, पण ते काम वेगळं.

सगळी नावं चढली की मगच किमतीची बोलणी. ज्यांना वाटा नको असेल त्यांनी हक्कसोडपत्र करावं, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नोटरीपुढच्या कागदावर घर विकलं जात नाही. ज्यांना वाटा हवा असेल त्यांनी खरेदीखतावर सही करावी आणि आपले पैसे आपल्या खात्यात घ्यावेत. दोन्ही मार्ग सरळ आहेत.

वंदना

—

प्रेषक: प्रमोद, एडिसन

वंदनाताई,

आजोबांना तीन मुली. थोरली आत्या धुळ्याला, धाकटी पारोळ्याला. मधली गेली, तिची मुलं सुरतेला उधन्यात असतात, त्यांना मी कित्येक वर्षांत भेटलेलो नाही. आजोबा १९८० च्या सुमारास गेले. म्हणजे सह्या आमच्या घरापुरत्या राहिल्या नाहीत. भावाला सांगितलं तर तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, आत्यांना कशाला उकरायचं.

आणखी एक. शेजारी म्हणतो, खरेदीखतात सरकारी भाव दाखवू, वरचे रोख देतो. अमळनेरात सगळे असंच करतात म्हणे. आणि मला प्रत्यक्ष यावं लागेल का?

प्रमोद

—

प्रेषक: सुहास, ह्यूस्टन

प्रमोदजी,

आमचं भुसावळचं घर विकलं तेव्हा यातून गेलो आहे, म्हणून पैशांच्या बाजूचं लिहितो.

रोख अजिबात घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला. तुमचं तर त्याहून मोठं नुकसान आहे: ते रोख पैसे तुम्हाला भारताबाहेर कधीच आणता येणार नाहीत. कागदावरचे पैसे तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यात, येतील आणि तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत, कर भरल्याचा सीएचा दाखला जोडून, बाहेर पाठवता येतात. शिवाय रोखीच्या भरवशावर राहून आत्यांना कागदावरचा वाटा दिला आणि वरच्यातलं काही दिलं नाही, तर ते उघडकीला यायला वेळ लागत नाही. तीन गावांत नातेवाईक आणि एकच शेजारी.

कराचं असं आहे. विकणारा अनिवासी असला की टीडीएस कापण्याची जबाबदारी खरेदीदाराची, रक्कम लहान असो की मोठी. निवासी विक्रेत्यांना लागणारी ५० लाखांची मर्यादा आपल्याला नाही. गावाकडच्या खरेदीदाराला हे बहुधा ठाऊक नसतं, आणि ऐन खरेदीच्या दिवशी त्याचा सीए सांगतो तेव्हा तो घाबरतो. त्याला आत्ताच सांगून ठेवा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के दर आहे, त्यावर ४ टक्के उपकर, आणि रक्कम मोठी असेल तर अधिभार. जुनी मालमत्ता २० टक्के दराने महागाई निर्देशांक लावून मोजण्याची मुभा निवासी व्यक्तींना ठेवली आहे, आपल्याला ती नाही. तुमच्या भावाचा सीए त्या हिशोबाने आकडा सांगेल, तो तुमच्या वाट्याला लावू नका.

खरा त्रास पुढे आहे. नफा किती हे ठरवून देणारं कमी दराचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणलं नाही, तर खरेदीदार नफ्यावर न कापता तुमच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कापतो. मग विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहत बसायचं. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून सौदा ठरताच अर्ज करावा. त्यासाठी १ एप्रिल २००१ रोजीची घराची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. घर त्याआधीपासून कुटुंबाचं आहे, तेव्हा खर्चाची किंमत म्हणून ती धरता येते. धाबा आणखी पडायच्या आत मूल्यांकक जाऊन आलेला बरा. भारतातच पैसे गुंतवणार असाल तर सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंतचे करबचतीचे रोखे घेता येतात, ते पाच वर्षं अडकतात.

आणि इथल्या विवरणपत्रातही हा नफा दाखवावा लागतो. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण दोन्हीकडचा हिशोब सारखा येत नाही. इथे वारसाने आलेल्या घराची किंमत वडील गेले त्या दिवशीची धरतात. त्या तारखेची किंमतही त्याच मूल्यांककाकडून लिहून घ्या. एनआरओ धरून बाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा, हे विसरू नका.

यायलाच हवं असं नाही. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करता येतं. इथे नोटरी करून वकिलातीत साक्षांकित करायचं किंवा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, घ्यायचं, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला दिलेल्या मुखत्यारपत्राला शुल्क किरकोळ असतं. त्यात फक्त याच घराचा सिटी सर्व्हे नंबर घाला आणि तुमच्या वाट्याची रक्कम तुमच्याच खात्यात यावी असं स्पष्ट लिहा. भावावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उद्या कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं तर तोच कागद त्याची बाजू घेईल.

सुहास

—

प्रेषक: मीनल, डॅलस

प्रमोददादा,

कागदांचं वंदनाताई आणि सुहासदादांनी लिहिलंच आहे. मी तुमच्या बहिणीच्या बाजूने लिहिते, कारण मीही माहेरचं घर विकताना "तुम्ही ठरवाल ते" म्हटलेली मुलगी आहे.

माझं माहेर फैजपूरकडचं. हक्कसोडपत्राचा मसुदा मला व्हॉट्सॲपवर आला. खाली भावाने लिहिलं होतं, अमुक तारखेला सहीला ये. मी गेले, सही केली, वाटा मला नकोच होता. पण घर विकतोय असं मला कोणी बसवून सांगितलं नाही. विकण्याआधी एकदा चल, असं म्हटलं नाही. आईचं जातं, पाटा-वरवंटा, आंघोळीचा तांब्याचा बंब, पुरणपोळ्यांचं खापर, हे सगळं घरासोबत गेलं. ज्याने घर घेतलं त्याने ते भंगारात दिलं असेल, त्याचा काय दोष? मला वाट्याचे पैसे मिळाले नाहीत याचं मला आजही काही नाही. विचारलं नाही, याचं आहे. भावाशी मी बोलते, सणवार करते, पण ते मनातून जात नाही.

तुमच्या ताईचं "तुम्ही ठरवाल ते" याला होकार समजू नका. तिला वाटा हवा का, हे तिला तिच्या तोंडाने सांगू द्या, आणि हवा म्हणाली तर एका शब्दाने तिला लाजवू नका. आत्यांचंही तेच. भाऊ म्हणतो "कशाला उकरायचं", पण त्यांना घर विकल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं तर काय होईल ते त्याला विचारा. जाहीर नोटीस तर वर्तमानपत्रात येणारच आहे. धुळ्याला वर्तमानपत्र सगळे वाचतात.

आणि आईंना विचारलंत का? त्या नाशिकला असल्या तरी घर त्यांचं आहे. सासरी आल्यापासून त्यांचा सगळा जन्म तिथे गेला. कानबाई देवी बसायची ती कोणत्या भिंतीशी, हे त्यांनाच ठाऊक. तिच्या नैवेद्याच्या रोटांचा नेम घराचा असतो. तो आता नाशिकला भावाच्या घरी चालवायचा का, हे विक्रीच्या आधी त्यांच्याशी बोलून ठरवा. माझ्या आईने घर गेल्यावर सगळ्यात आधी हेच विचारलं होतं, आणि कोणाकडे उत्तर नव्हतं.

मीनल

—

प्रेषक: प्रमोद, एडिसन

मीनलताई, तुमचं पत्र मी ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली. वाटा सोडते म्हणाली, पण आत्यांना विचारल्याशिवाय मी कुठेच सही करणार नाही, हेही म्हणाली. आणि देवघराची लाकडी चौकट तिला हवी आहे. मला ते माहीतच नव्हतं.

शेजाऱ्याला कळवलं आहे की नावं चढेपर्यंत इसार घेणार नाही आणि सगळी रक्कम बँकेतूनच हवी. तो नाराज आहे. भाऊही. भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तर जबाबदारी तुझी.

सुहासदादा, मुखत्यारपत्र करून ठेवतो, पण वैशाखात मी येतोच आहे. आखाजीला ताई आणि दोन्ही आत्या अमळनेरला याव्यात असं भावाच्या बायकोने स्वतःहून सुचवलं. उधन्याच्या भावंडांचा नंबर पारोळ्याच्या आत्याकडे मिळाला. फोनवर थोरल्याने आधी एवढंच विचारलं, "दादा, घर पडनं का?" त्याला वाटलं पडल्याचंच सांगायला फोन केला.

वंदनाताई, मृत्यू दाखल्यांपैकी आजोबांचा मिळत नाही. नगरपरिषदेत त्या वर्षाच्या नोंदीत नाव नाही म्हणाले. आता काय करायचं?

प्रमोद

—

प्रेषक: वंदना, जळगाव

प्रमोदभाऊ,

आधी आजोबा नेमके कुठे गेले ते आत्यांना विचारा. दवाखान्यात धुळ्याला किंवा जळगावला नेलं असेल तर नोंद तिथे असते, राहत्या गावी नसते. पुष्कळांचं इथेच अडतं. तिथेही मिळाली नाही तर नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा आणि विलंबाने नोंद करण्यासाठी अर्ज करायचा. मृत्यूला एक वर्षापेक्षा जास्त काळ लोटला असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीपासून तो अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. शाळेचा दाखला, जुनं रेशन कार्ड, अण्णांच्या नावाची एखादी जुनी नोंद, जे मिळेल ते जपून ठेवा.

शेजारी गेला तर जाऊ द्या. जुन्या गावात रस्त्याला लागून असलेल्या जागेला गिऱ्हाईक येतं, कागद साफ असले तर भावही चांगला येतो. भावाला माझा नंबर द्या, मी बोलते त्याच्याशी. तिथे राहून रोज कचेरीत उभं राहायचं काम त्याच्यावर आहे, त्यामुळे त्याची घाई मला समजते. वारस नोंदीच्या पहिल्या तारखेला मी जळगावहून अमळनेरला येऊन त्याच्यासोबत जाईन.

पावसाळ्याआधी धाब्यावर ताडपत्री टाकून घ्या. विक्रीला आता वेळ लागणार, आणि मूल्यांककाला उभं घर दिसायला हवं.

वंदना