देव न मानणाऱ्या घरात मुलांना चांगले-वाईट कशाच्या आधारावर शिकवावे?

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे)

आम्ही नवरा-बायको देव मानत नाही. सासूबाई गेल्यानंतर घरात देव्हाराही राहिला नाही. गेल्या आठवड्यात आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने, गणिताच्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून, पेपरावर माझी सही स्वतःच केली. ते उघडकीस आल्यावर ती रडत म्हणाली, "मैत्रिणीची आजी म्हणते, देव बघतो. आपल्याकडे तर कोणीच बघत नाही, मग खोटं का वागायचं नाही?" "ते वाईट असतं," यापलीकडे मला काही सुचले नाही. धर्माशिवाय नीतीला पाया आहे असे मला मनापासून वाटते. तो मुलीला कसा दाखवावा?

प्रतिसाद १

हा प्रश्न प्लेटोने सुमारे २४०० वर्षांपूर्वी सॉक्रेटिसच्या तोंडी घातला आहे: एखादे कृत्य पवित्र असते म्हणून ते देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ते पवित्र ठरते? पहिला पर्याय स्वीकारला, तर चांगुलपणाचा आधार देवाच्या आवडीबाहेर शोधावा लागतो.

आमच्या लहानपणी खरवसाची शेवटची वडी उरली की आईचा नियम असे, एकाने कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची. धाकटा भाऊ सुरी टेकवून, मान वाकडी करून, दोन्ही बाजू डोळ्यांनी मोजत असे. तिथे देवाचे भय नव्हते. समोरच्याच्या जागेवरून पाहणे मात्र भाग पडत होते. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल यांनी कापुचिन माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या माकडाला द्राक्ष मिळताना पाहिल्यावर काकडी मिळालेली माकडे ती अनेकदा नाकारत. अर्थात ही स्वतःवरील अन्यायाची चीड झाली. दुसऱ्यावरील अन्यायाची चीड येण्यासाठी आपल्याला विचाराने आणखी बरेच पुढे जावे लागते, आणि माझ्या मते नीतीचे खरे काम तिथेच सुरू होते.

प्रतिसाद २

पुण्यात राहून आगरकरांचा विसर पडू नये. परलोकाची आशा किंवा धास्ती न बाळगता त्यांनी विधवांच्या आणि मुलींच्या बाजूने लिहिले, मोठ्या पगाराच्या वाटा सोडून शिक्षणाचे काम पत्करले, जिवंतपणी निघालेली स्वतःची प्रेतयात्रा पाहिली आणि १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, ते गेले. अशा वेळी महात्मा फुले यांचेही नाव घेतले जाते, पण ते सावधपणे घ्यावे: १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करणारे जोतीराव ग्रंथप्रामाण्य नाकारत होते, निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याला, नाही.

प्रतिसाद ३

मी वारकरी घरातला आहे आणि वरील युक्तिवाद मला मान्य आहेत; तरीही एक उणीव जाणवते. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा माझी आई अनोळखी माणसांच्या भेगाळलेल्या टाचांना तेल लावते. मी तिच्यापेक्षा अधिक वाचले आहे, पण माझा हात तसा सहज पुढे होत नाही. योग्य काय ते विचाराने कळते, ते अंगवळणी पडायला मात्र सराव लागतो, आणि तो सराव धर्माने दिला आहे. देव्हारा नसलेल्या घराने त्याऐवजी काय योजले आहे, हे मी आपल्याला कळकळीने विचारतो.

मूळ प्रश्नकर्ती

आपल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी अजून नाही. काल मुलीला इतकेच सांगितले, की ती सही पाहून बाईंना वाटले, आईला सगळे ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांनी मला विचारलेच नाही. कोणी बघत नसले तरी त्यांचा विश्वास तर फसलाच. ती बराच वेळ पेपराची घडी घालत आणि उलगडत बसली. मग बाईंना सांगताना मी सोबत येईन का, असे तिने विचारले.