छायाचित्रापेक्षा पत्रा पाहावा

जुनी मोटार घेताना आरसी पुस्तक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे पुस्तक, चोख असेल तर जाहिरातीतील छायाचित्रांवरून विसार द्यायला हरकत नाही, असे काही जण म्हणतात. कागदपत्रांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण गोव्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातात, आणि ते छायाचित्रात दिसत नाही. कळंगुटला मी पाहिलेली प्रीमियर पद्मिनी जाहिरातीत नव्यासारखी चकाकत होती, परंतु चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तेव्हा तळाचा पत्रा बोटाच्या दाबानेच भुगा होऊन खाली पडला. तेव्हापासून मी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सोबत नेतो; दरवाजाच्या खालच्या कडेला किंवा मडगार्डवर ते चिकटले नाही, तर रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे हे तिथेच कळते.