खाडीतला कचरा मोजायला ड्रोन हवा की नको?

वाशीकर: काल ओहोटीला वाशीत सागरविहारच्या मागे, ठाणे खाडीच्या काठावर आम्ही तीन तास कचरा उचलला. महिन्यापूर्वी हीच जागा साफ केली होती. दर वेळी पोती मोजतो, फोटो काढतो, पण हे येतं कुठून ते सांगता येत नाही. ड्रोन वीसेक मीटरवरून उडवला तर बाटलीचं बूचसुद्धा फोटोत येतं. फोटो जोडून नकाशा करायचा, मशीन लर्निंगने, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेल्या सॉफ्टवेअरने, बाटल्या, पिशव्या, थर्माकोल मोजायचं. दर महिन्याला तोच पट्टा. कोणत्या नाल्याच्या तोंडाशी किती साचतं ते महापालिकेपुढे ठेवता येईल. माझ्या मते हे व्हायलाच हवं.

दिवाळ्याची: दादा, वरून तिवरांची, म्हणजे खारफुटीची पानंच दिसणार. आमच्या दिवाळे गावात माझी आई निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडायला खाडीत उतरते. तिवरांची मुळं बोटाएवढी वर आलेली असतात, त्यांना पिशव्या अशा आवळलेल्या की ओढली तर फाटते आणि अर्धी तिथेच राहते. वर गाळाचा थर. तुमचं मशीन त्याला चिखलच म्हणेल. मग आकडा कमी आला की ‘खाडी स्वच्छ’ म्हणून मोकळे होतील, याचीच भीती वाटते.

ऐरोलीचा: मी फोटो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवरच काम करतो, ताईंचं पटतं. वाळूच्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल आपल्या काळ्या चिखलात फसतं. ओला चिखल उन्हात चमकला तरी त्याला प्लॅस्टिक वाटतं. आपल्या खाडीचे फोटो घेऊन एकेका वस्तूवर हाताने खूण करावी लागेल. युरोपात 100 मीटरचा पट्टा आखून माणसं चालत मोजतात. ते आधी करा, नाहीतर ड्रोनचा आकडा ताडणार कशाशी?

पक्षीमित्र: माझा विरोध आहे. 2015 पासून ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून ते रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ड्रोन खाली आला की थवा उठतो. हिवाळ्यात पक्षी, आणि नाले सर्वात जास्त कचरा ओततात त्या पावसात ड्रोन उडत नाही. मोजणार कधी?

वाशीकर: ऑक्टोबरात. पाऊस सरलेला, मोठे थवे यायचे असतात. फक्त उघडा काठ, वनखात्याची परवानगी घेऊन. तिवरांतला आकडा पायी मोजू आणि वेगळा लिहू. ताई, तुम्ही याल?

दिवाळ्याची: येईन. पण उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची ओहोटी बघून या; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी ओसरतं आणि अर्धा कचरा पाण्याखालीच राहतो. आणि पोती आणा. मोजलेलं तिथेच टाकून परतायचं नाही.