घरच्या नॅसमध्ये दोन डिस्क : मिरर करावा की दुसरी कपाटात ठेवावी?

पूर्वभागकर
सोलापुरात ओळखीतले बरेच जण घरी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, बसवतायत आणि प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो: दोन डिस्क घ्या, रेड १ करा (म्हणजे मिरर, एका डिस्कवरचं सगळं त्याच क्षणी दुसरीवरही), डेटा सेफ. घरासाठी हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत. ४ टीबीच्या दोन डिस्क घेऊन वापरायला ४च टीबी मिळतात, त्याचं काही नाही. पण मिररलाच लोक बॅकअप समजतात. आमच्याकडे चादरींच्या जॅकार्ड डिझाइनच्या फाइली आहेत, वडिलांच्या काळापासूनच्या. कुणी फोल्डर उडवलं की ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जातं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसनं थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली क्यूनॅप कंपनीची हजारो नॅस यंत्रं लॉक केली, तिथं मिरर काय कामाचा? दुसरी डिस्क यूएसबी केसमध्ये घाला, आठवड्याला कॉपी मारा आणि काढून ठेवा.

जुळे सोलापूर
मालक, आठवड्याला कॉपी मारतं कोण, सांगा की. माझं लग्नाच्या फोटोंचं काम. लग्नसराईत मध्यरात्री येऊन कार्ड रिकामी करायची, सकाळी तीच कार्ड फॉरमॅट करून दुसरं लग्न. तेव्हा कपाटातली डिस्क आठवतही नाही. मिरर मला न विचारता काम करतो. मेमध्ये ऐन सीझनला एक डिस्क गेली. नॅस बीप करत होतं, पण अल्बमचं काम एक मिनिट थांबलं नाही. ट्रे ओढला, नवी डिस्क बसवली, रात्रभर रिबिल्ड चाललं, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरत होतं. तुमच्या पद्धतीत आठवड्याभरातली लग्नं गेली असती. फोल्डर उडण्याचं म्हणाल तर स्नॅपशॉट आहेत, म्हणजे नॅसनं ठरावीक वेळानं टिपून ठेवलेली फाइलींची आधीची स्थिती, तासापूर्वीचं परत आणता येतं.

पूर्वभागकर
स्नॅपशॉट त्याच डब्यात असतात. डबा चोरीला गेला, जळाला तर? आणि त्या रात्री तुमची सगळी लग्नं एकाच जुन्या डिस्कवर होती. रिबिल्ड तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढतं, तेही मे महिन्यात!

होटगी रोड
दोघंही उन्हाबद्दल बोलत नाही आहात. घरगुती नॅसच्या बऱ्याच मॉडेलना कंपनीच भोवतालच्या तापमानाची मर्यादा ४० अंश देते. मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४२-४३ होतं, पत्र्याखालच्या माडीवर काय होत असेल! एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच लॉटच्या दोन डिस्क घेतल्या तर त्या तापतातही एकत्र आणि म्हाताऱ्याही एकत्रच होतात. तरी माझं मत मिररच्याच बाजूनं. फक्त डिस्क वेगवेगळ्या लॉटच्या घ्या, आणि सीएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवता लिहिणारी) आहे का ते पाहून घ्या. डब्ल्यूडी कंपनीच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) आहेत हे कंपनीनं आधी सांगितलं नव्हतं, २०२० मध्ये ते उघड झालं. अशा डिस्कवर रिबिल्ड फार रखडू शकतं. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडाच. बरेच जण यूपीएस घेतात, वायर खोक्यातच राहते. ती जोडली तर लाइट गेल्यावर बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःहून नीट बंद होतं.

विजापूर वेस
माझा धंदा नाही. मुलांचे फोटो आणि आईच्या आवाजातल्या ओव्या रेकॉर्ड केल्यात, तेवढंच. तिसऱ्या डिस्कला पैसे नाहीत. दोनातच काय करू?

पूर्वभागकर
ताई, मिरर नकोच. नॅस एक दिवस बंद पडलं म्हणून तुमचं काही अडत नाही. ओव्या मात्र परत रेकॉर्ड होणार नाहीत. एक डिस्क नॅसमध्ये, दुसरी बार्शी-पंढरपूरला कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे.

जुळे सोलापूर
ओव्यांपुरतं पटलं, त्या एकदा कॉपी झाल्या की झालं. पण फोटो रोज वाढतात, आणि बार्शीची डिस्क घरी येणार दिवाळीला. मधले सगळे फोटो एका डिस्कच्या भरवशावर. मी ताईंना मिररच सांगेन, आणि ओव्या वेगळ्या पेनड्राइव्हवर, बहिणीकडे. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार ओव्या शेवटपर्यंत ऐकून बघा. फोनमधले फोटोही लगेच डिलीट करू नका.