तारापूर-उंबरगावच्या गिरण्यांवरचा प्रयोग

'एचआरवरचं (मनुष्यबळ व्यवस्थापनावरचं) संशोधन सगळं अमेरिकन ऑफिसांवर बेतलेलं, आपल्या कारखान्यात त्याचा काय उपयोग' असं कुणीकुणी म्हणतं, ते मला अजिबात पटत नाही. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2008 पासून मुंबईच्या उत्तरेकडच्या तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड गिरण्यांवर प्रत्यक्ष प्रयोग केला आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या काही गिरण्यांना महिनोन्महिने फुकट सल्लागार दिले. बदल साधेच: मशीनभोवतीचा पसारा आवरणं, सुताच्या साठ्याची नोंद, कापडातले दोष रोज लिहून त्यावर चर्चा. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. गिरणी किती मोठी होणार, याचा सर्वांत चांगला अंदाज मालकाच्या घरातल्या पुरुषांच्या संख्येवरून येत होता! बाहेरचा मॅनेजर चोरी करेल या धास्तीने मालक त्याच्या हाती अधिकारच देत नसत. किती कर्तबगार माणसं यात वाया गेली असतील. 2017 मध्ये त्याच गिरण्या पुन्हा पाहिल्या, तर स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या, आणि मॅनेजर बदलणं हे त्याचं एक मोठं कारण निघालं.