एनओसी, ६७ गुण आणि नॉमिनी

विषय: कॅनडा पीआर – एवढी अक्षरं कुणी उलगडून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

यादीवर नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. मी धायरीला राहते, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. वय ३१. नवरा ३४ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला. दोघांच्याही नोकरीला पाचाहून जास्त वर्षं झाली. कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं, मनावर घेतलंय. डेक्कनवरच्या एका कन्सल्टंटकडे गेलो, तर बाहेर पडताना दोघांनी लिहून घेतलेलं एकमेकांशी जुळेना.

‘तुमचे ६७ होतायत, म्हणजे झालंच समजा,’ असं ते म्हणाले. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, पाचशेच्या आसपास लागतात. यात खरं काय? दुसरं, एनओसी ‘आणा’ म्हणाले की ‘ठरवा’, यावर आमचं एकमत नाही. नवरा सोमवारी एचआरकडे एनओसी मागायला निघालाय. आणि नॉमिनेशन मिळालं तर काम सोपं होतं हे ऐकून सासरे विचारतायत, नॉमिनी म्हणून त्यांचं नाव चालेल का. हसू नका, मलाही धड उत्तर देता आलं नाही.

– स., धायरी

उत्तर: कॅनडा पीआर

स. ताई,

आधी नवऱ्याला एचआरच्या दारातून मागे फिरवा. ‘एनओसी द्या’ म्हटलं की तिथे पहिला निष्कर्ष निघतो तो राजीनाम्याचा. ही एनओसी म्हणजे सोसायटीची ना-हरकत नव्हे. नॅशनल ऑक्युपेशनल क्लासिफिकेशन ही कॅनडातल्या यच्चयावत कामधंद्यांची सरकारी यादी आहे. प्रत्येक कामाला पाच आकडी क्रमांक असतो. मेकॅनिकल इंजिनिअरचा २१३०१. यातला दुसरा आकडा टीअर सांगतो, म्हणजे त्या कामाला किती शिक्षण-प्रशिक्षण लागतं ते. फेडरल स्किल्ड वर्कर या पीआरच्या कार्यक्रमासाठी टीअर ० ते ३ चालतात. टेस्टिंगवाल्यांना २२२२२ हा क्रमांक सापडतो, पण तुमचं रोजचं काम त्यात बसतं का हे त्या क्रमांकाखालची कामांची यादी वाचून ठरवा. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला तिथे किंमत नाही. आणि इंटरनेटवर कुठे ‘स्किल लेव्हल ए, बी’ दिसलं की ते पान बंद करा. १६ नोव्हेंबर २०२२ पासून ती पद्धत एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे हे अर्ज ज्या सरकारी योजनेतून जातात तिच्यात, राहिलेली नाही.

आता ६७. हे १०० पैकी असतात आणि भाषा, शिक्षण, अनुभव, वय, कॅनडातली ठरलेली नोकरी व जुळवून घेण्याची क्षमता अशा सहा गोष्टींवर मिळतात. त्यातून एवढंच ठरतं की तुम्ही फेडरल स्किल्ड वर्कर या कार्यक्रमात बसता. मैत्रीण म्हणते तो आकडा सीआरएसचा, म्हणजे उमेदवारांचा क्रम लावणाऱ्या गुणांचा, तो १२०० पैकी. बारावी पास होणं आणि सीओईपीला नंबर लागणं यात जेवढं अंतर, तेवढंच इथे. कन्सल्टंटनी तुम्हाला बारावीचा निकाल दाखवून पेढे मागितले.

कार्यक्रमात बसलात की प्रोफाइल ‘पूल’मध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, जातं आणि १२ महिने राहतं. प्रोफाइल म्हणजे अर्ज नव्हे, तिथे तुम्ही आपल्याबद्दल फक्त सांगता. सोडत निघाली आणि तुमचे गुण त्या दिवशीच्या कट-ऑफच्या वर असले, तर आयटीए येतं. ते अर्ज करण्याचं आमंत्रण, मंजुरी नव्हे. इथे लोक पेढे वाटून मोकळे होतात आणि मग ६० दिवसांत कागद गोळा करताना तोंडाला फेस येतो. कारण प्रोफाइलमध्ये जे सांगितलं ते सगळं आता सिद्ध करायचं असतं. २०२३ पासून फ्रेंच येणारे, आरोग्यसेवेतले अशा ठरावीक गटांसाठी वेगळ्या सोडतीही निघतात. म्हणून कुणाच्या भाच्याला अमुक गुणांवर आमंत्रण आलं यावरून आपला अंदाज बांधू नका.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, नॉमिनेशन एखाद्या प्रांताचं सरकार देतं. एक्स्प्रेस एन्ट्रीशी जोडलेलं प्रांताचं नॉमिनेशन मिळालं तर सीआरएसमध्ये सरळ ६०० गुण वाढतात. नॉमिनीचं नाव त्यांनी बँकेतच लावावं.

माझ्या मते तुमच्या घरातला खरा प्रश्न वेगळाच आहे: मुख्य अर्जदार कोण? कन्सल्टंटनी नवऱ्याचंच नाव धरलं असणार. जोडीदारासह अर्ज करताना वयाचे गुण ३१ व्या वर्षी ९० आणि ३४ व्या वर्षी ७५ असतात, आणि तुमच्या वयात दर वाढदिवसाला ५ कमी होतात. दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघा. सरकारच्या संकेतस्थळावर गणकयंत्र फुकट आहे.

त्यात भाषा जड जाते. सीएलबी ही तिथली भाषेची पट्टी. सीएलबी ९ साठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं यांत प्रत्येकी ७ लागतात. एकट्या लेखनात ६.५ आले तरी ते सीएलबी ८ धरलं जातं. मग केवळ त्या भागाचे गुण जात नाहीत. तीन वर्षांहून जास्त परदेशी अनुभवाला भाषेची जोड मिळाल्यावर जे ५० मिळायचे त्यांचे २५ होतात, आणि शिक्षणाच्या जोडीचेही तसेच उतरतात. म्हणून कन्सल्टंटला पैसे देण्याआधी लेखनाच्या सरावाला द्या. अ‍ॅकॅडमिक परीक्षा चुकूनही भरू नका, ती इथे चालत नाही.

कुणी ‘जॉब ऑफर मिळवून देतो, गुण वाढतील’ म्हणालं तर उठून या. सीआरएसमधले जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झालेत. आणि पैसे घेऊन अर्ज करून देणारा माणूस तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या नोंदवहीत आहे का, ते आधी पाहा. वकील असेल तर त्याची सनद पाहा. त्याने खोटं लिहिलं तरी सही तुमची असते आणि पाच वर्षांची बंदीही तुमच्यावरच येते.

– ब्रॅम्प्टनहून परतलेला काका, कोथरूड

उत्तर: उत्तर: कॅनडा पीआर

काकांनी मुद्द्याचं सांगितलंय. एचआरमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे थोडी भर घालते.

एचआरकडे जायचंच आहे, पण मागायचं ते रेफरन्स लेटर. आपल्याकडच्या कंपन्या छापील नमुन्यातलं दोन ओळींचं पत्र देतात: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ‘सीनियर असोसिएट’ होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ते इथे उपयोगाचं नाही. कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व सवलती, आणि मुख्य म्हणजे तुम्ही काय काम करत होता ते, खाली सही करणाऱ्याचं नाव-पद, एवढं हवं. मसुदा तुम्हीच करून न्या, एचआरला बरंच वाटतं. मात्र एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती पाठ असतात. ‘ब्रेक असेंब्लीच्या फिक्स्चरचं डिझाइन आणि ट्रायल’ असं आपल्या कामाचं आपल्या शब्दांत लिहा.

कंपनी अगदीच अडून बसली तर वरिष्ठाचं पत्र, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि ‘पत्र का मिळालं नाही’ याचं स्वतःचं निवेदन असं जोडतात. पण तो दुसरा पर्याय. आणि नोकरी सोडायच्या आत मागा, नंतर फोनही उचलत नाहीत.

– औंधहून

उत्तर: उत्तर: उत्तर: कॅनडा पीआर

काका, ताई, खूप आभार. नवरा घरीच आहे! गणकयंत्रावर दोन्ही बाजूंनी करून पाहिलं, माझं नाव पुढे ठेवलं तर जास्त होतायत. सासऱ्यांना हे अजून सांगायचंय.

दोन शंका. एक, ईसीएसाठी विद्यापीठात जायचंय. डिग्री लग्नाआधीची, त्यावर माहेरचं आडनाव आणि मधे बाबांचं नाव. पासपोर्ट सासरच्या नावाचा. शिवाय डिग्रीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे, आताचं नाव वेगळं. दुसरं, तिथे जाऊन राहण्यापुरते पैसे आहेत हे दाखवायला सासरे म्हणतात धायरीचा फ्लॅट दाखवू.

– स.

उत्तर: कॅनडा पीआर – ईसीए आणि पैसे

स. ताई,

विद्यापीठाच्या नावाची चिंता सोडा. सावित्रीबाई फुले हे नाव २०१४ मध्ये आलं, त्याआधीच्या पदव्यांवर जुनंच नाव असणार आणि मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना ते माहीत आहे. ईसीए म्हणजे तुमची पदवी तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची, याचा दाखला. डब्ल्यूईएस किंवा तशा मान्यताप्राप्त संस्थेकडून घ्यायचा, पाच वर्षं चालतो. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत तक्ता, विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे गेली पाहिजे, तुमच्या हातून नव्हे. वेळ जातो तो यातच, म्हणून परीक्षेच्याही आधी हे काम काढा. तुमच्या नवऱ्याला तिथे ‘इंजिनिअर’ म्हणवून काम करायचं तर त्या प्रांताचा परवाना वेगळा काढावा लागेल, ईसीए त्यासाठी पुरत नाही.

नावाचं म्हणाल तर सगळे फॉर्म पासपोर्टवरच्या नावाने भरा, पूर्वीचं नाव विचारतात तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा आणि सोबत महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. ईसीए मागतानाही तेच. लग्नाच्या हॉलची पावती आणि आमंत्रणपत्रिका घेऊन गेलेले लोक मी पाहिलेत.

फ्लॅट चालत नाही. त्यावर कर्ज काढून आणलेले पैसेही नाहीत. हातात लगेच येतील असेच पैसे धरतात आणि आकडा कुटुंबातल्या माणसांवर ठरतो, एखादा सोबत येणार नसला तरी तो मोजायचा. बँकेच्या पत्रात खाते क्रमांक, खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि काही कर्ज असेल तर तेही हवं. आपल्या बँका बॅलन्स सर्टिफिकेटवर फक्त त्या दिवसाची शिल्लक छापून देतात. मॅनेजरसमोर बसून सरासरीची ओळ घालून घ्या.

– काका