शब्दचर्चा : ‘बॉरोइंग’ म्हणजे फक्त कर्ज का? (इंग्लंडमधील एफई कॉलेजांची पैशाची भाषा)

मोरपीस : इंग्लंडमधल्या फर्दर एज्युकेशन (एफई) कॉलेजांच्या, म्हणजे सोळा वर्षांपुढच्यांना विद्यापीठाबाहेर शिक्षण व कौशल्ये देणाऱ्या कॉलेजांच्या, निधीवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे. ‘फंडिंग’ला अनुदान म्हणावे की निधी? ‘बॉरोइंग कन्सेंट’ला कर्जमंजुरी चालेल का? आणि ‘रीक्लासिफिकेशन’साठी एका मसुद्यात ‘कॉलेजांचे सरकारीकरण’ असे आले आहे, ते बरोबर आहे का?

ताळेबंद : तिसरे आधी घेतो, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. ‘सरकारीकरण’ नको. 29 नोव्हेंबर 2022 ला ओएनएसने, म्हणजे ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने, इंग्लंडमधली ही कॉलेजे राष्ट्रीय हिशेबात सार्वजनिक क्षेत्रात धरली. कसोटी मालकीची नव्हती, नियंत्रणाची होती. इमारती कॉलेजांच्याच राहिल्या, शिक्षक सरकारी नोकर झाले नाहीत, नियामक मंडळही तेच. ‘सार्वजनिक क्षेत्रात पुनर्वर्गीकरण’ लांबलचक आहे, पण खरे आहे.

असे पहिल्यांदाच झाले असेही नाही. 1 एप्रिल 1993 ला कॉलेजे स्थानिक प्रशासनाच्या हातून सुटून स्वतंत्र झाली. 2010 मध्ये ओएनएसने त्यांना सार्वजनिक ठरवले, 2011 च्या शिक्षण कायद्याने सरकारी नियंत्रणे सैल केली आणि 2012 मध्ये ती पुन्हा खासगी बाजूला गेली. म्हणून मजकुरात नुसते ‘पुनर्वर्गीकरण’ लिहू नका, साल लिहा.

शब्दकण : ‘कॉर्पोरेशन’ शब्द आला असेल तर जपून. मराठी वाचकाच्या मनात कॉर्पोरेशन म्हणजे महापालिका, नाहीतर महामंडळ. इथे तो कॉलेजचा कायदेशीर देह आहे. निर्णय घेणाऱ्यांबद्दल वाक्य असेल तर ‘नियामक मंडळ’, करार कोणाच्या नावावर आहे हे सांगायचे असेल तर ‘कॉलेज निगम’.

टेम्सकाठ : ‘अनुदान’बद्दल. महाराष्ट्रात अनुदानित म्हटले की वाचकाला वेतन अनुदान दिसते : पद मंजूर, पगार सरकारचा. इंग्लंडमध्ये तसे नाही. पैसा पदावर येत नाही, विद्यार्थ्यावर येतो. 16 ते 19 वयोगटासाठी एक राष्ट्रीय दर असतो. 2024-25 मध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे तो 4,843 पौंड होता. त्यावर अभ्यासक्रमाचा खर्च, वंचित भाग वगैरेंचे गुणक लागतात. आलेल्या रकमेतून पगार किती द्यायचा हे कॉलेज ठरवते. म्हणून सूत्रावर येणाऱ्या पैशाला ‘निधी’ आणि इमारत-यंत्रसामग्रीसाठी एका कामापुरत्या मिळणाऱ्या रकमेला ‘भांडवली अनुदान’ असा भेद ठेवावा.

याच ओघात ‘लॅग्ड फंडिंग’ येईल. ‘विलंबित निधी’ लिहिलेत तर पैसे उशिरा मिळाले असा अर्थ होईल. हप्ते वेळेवरच येतात, फक्त रक्कम आदल्या वर्षीच्या विद्यार्थिसंख्येवर ठरते. ‘मागील पटावर आधारित निधी’ म्हणा. पट वाढत असेल तर वाढीव मुलांचा खर्च या सप्टेंबरपासून आणि त्यांचा निधी पुढच्या वर्षी, अशी ओढाताण होते. पट घटत असेल तर वर्षभर उसंत मिळते.

मोरपीस : मग ‘क्लॉबॅक’? ‘परतावा’ लिहिले होते.

ताळेबंद : परतावा गुंतवणुकीवर मिळतो. इथे दिलेला पैसा परत घेतला जातो, तेव्हा ‘वसुली’. तीही सरसकट नाही. प्रौढांच्या निधीत करारातल्या रकमेइतके शिक्षण दिले गेले का हे वर्षअखेरीस ताडून पाहतात. शिक्षण खाते थेट देते त्या भागात 97 टक्क्यांच्या खाली गेले की वसुली लागते. या निधीचे नाव ऑगस्ट 2024 पासून बदलून अ‍ॅडल्ट स्किल्स फंड झाले आहे, जुन्या मजकुरात अ‍ॅडल्ट एज्युकेशन बजेट दिसेल. वसुलीची तरतूद ताळेबंदात वेळेवर केली नाही की जुलैअखेर फुगलेली शिल्लक दिसते आणि काही महिन्यांनी नाहीशी होते. कॉलेजांचे हिशेबी वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै, सरकारचे एप्रिल ते मार्च. अनुवादात नुसते ‘आर्थिक वर्ष’ लिहिलेत तर कोणते, हे कळणार नाही.

टेम्सकाठ : आता मुख्य शब्द. ‘बॉरोइंग’ला ‘कर्ज’ अपुरे आहे. आपल्याकडे बँकेतून मुदतीवर रक्कम उचलली की ते कर्ज. ओव्हरड्राफ्टला सहसा कोणी कर्ज म्हणत नाही, आणि यंत्र भाडेपट्ट्यावर घेतले तर मुळीच नाही. कॉलेजांना शिक्षण खात्याची संमती घ्यायला लावणाऱ्या नियमात मात्र ओव्हरड्राफ्ट येतो, आपल्या सीसी लिमिटसारखी फिरती उचल येते, इमारत विकून तीच भाड्याने परत घेणे येते, आणि ज्या भाडेपट्ट्यात मालमत्तेचा लाभ नि जोखीम दोन्ही भाडेकरूकडे जातात तोही येतो. ‘कर्जउभारणी’ घ्या आणि पहिल्याच वापरात त्यात काय काय मोडते ते सांगून टाका. ओव्हरड्राफ्टसाठी अधिकृत कोशातला ‘अधिकर्ष’ कृपया नको. तो शब्द बँकेतल्या माणसालाही समजावून सांगावा लागतो.

शब्दकण : असा भाडेपट्टा आणि साधा भाडेपट्टा यांतली हिशेबी सीमारेषाही आता पुसट होते आहे. 1 जानेवारी 2026 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना एफआरएस 102 चे, म्हणजे ब्रिटनमधल्या हिशेब-मानकाचे, सुधारित नियम लागतात, त्यात भाडेकरूचे बहुतेक पट्टे थेट ताळेबंदात येतात. कॉलेजांसाठी म्हणजे 2026-27. मजकूर त्याआधीच्या वर्षाचा असेल तर तळटीप द्या.

मोरपीस : आणि ‘कन्सेंट’? संमती, परवानगी, मंजुरी?

ताळेबंद : ‘पूर्वसंमती’, आणि त्यातला ‘पूर्व’ गाळू नका. आपल्या सरकारी मराठीत ‘कार्योत्तर मंजुरी’ नावाची सोय रुळलेली आहे, त्यामुळे नुसते ‘मंजुरी’ वाचून वाचक नंतर मिळेल असे धरतो. इथे तो आधार धरता येत नाही. शिक्षण खात्याच्या संमतीआधी खासगी बँकेशी करार केला तर व्यवहार ‘अनियमित’ ठरतो, आणि लेखापरीक्षकाला नियमिततेच्या (पैसा नियमाप्रमाणे वापरला का, या) अहवालात तो नोंदवावा लागतो. अनियमित म्हणजे अफरातफर नव्हे, हेही एका वाक्यात सांगा. मराठी बातम्यांनी त्या शब्दाला फार वास लावून ठेवला आहे.

आणखी एक फसगत. जुनी कर्जे रद्द झाली नाहीत, ठरल्याप्रमाणे फेडत राहायची. पण त्यांची मुदत वाढवणे, अटी बदलणे, दुसऱ्या बँकेकडे वळवणे यालाही पूर्वसंमती लागते. ‘नवीन कर्जासाठी संमती’ एवढेच लिहिले तर नेमके हे सुटते.

मोरपीस : संमती मिळणे अवघड का, हे वाचकाला पटत नाही. कॉलेज फेडू शकत असेल तर अडवायचे कशाला?

टेम्सकाठ : कारण फेडण्याची ऐपत हा एकमेव प्रश्न उरलेला नाही. वर्गीकरण बदलल्यावर कॉलेजचे बँककर्ज देशाच्या सार्वजनिक ऋणात मोजले जाते. सरकार स्वतः बँकेपेक्षा स्वस्तात पैसा उभारते, म्हणून ट्रेझरीच्या, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याच्या, ‘मॅनेजिंग पब्लिक मनी’ या नियमावलीचा कल असा की सार्वजनिक संस्थेने महाग खासगी पैसा का घ्यावा, हे तिने आधी सिद्ध करावे. त्यामुळे ‘हप्ते भरू शकतो’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही. खात्याकडून कर्ज का नको, काम पुढे ढकलले तर काय बिघडते, हे मांडावे लागते.

त्याच नियमावलीतला त्रिकूट-शब्द मजकुरात असेलच : ‘नॉव्हेल, कन्टेन्शस, रीपरकसिव्ह’. नवखे, वादग्रस्त, आणि तिसऱ्यासाठी ‘पायंडा पाडणारे’. एका कॉलेजला दिले तर बाकीचेही मागतील आणि खर्च वाढेल, असा तो अर्थ आहे. ‘परिणामकारक’ लिहिणे म्हणजे उलट कौतुक.

शब्दकण : ‘पेमेंट प्रोफाइल’ही इथेच बसते. ‘हप्त्यांचे वेळापत्रक’. सरकारी पैसा बारा सारख्या हप्त्यांत येत नसे. नोव्हेंबर ते मार्च हात आखडता, आणि तो खड्डा कॉलेजे ओव्हरड्राफ्टने बुजवत. बँकेचे दार अरुंद केल्यावर खात्याने सुमारे 30 कोटी पौंडांचे हप्ते अलीकडे ओढण्याची आणि 15 कोटी पौंडांच्या भांडवली अनुदानाची घोषणा केली. ‘वाढीव निधी’ हा शब्द दुसऱ्या रकमेलाच लावा. पहिल्यात फक्त तारीख बदलली.

ताळेबंद : शिलकीबद्दलही लिहा. सरकारी म्हटले की आपल्याकडे ‘31 मार्चला निधी व्यपगत’ हे डोक्यात बसलेले असते. या कॉलेजांची शिल्लक व्यपगत होत नाही, ती पुढच्या वर्षी वापरता येते. व्हॅटचे मात्र उलटे : अ‍ॅकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर चालणाऱ्या स्वायत्त शाळांना) मिळणारा परतावा कॉलेजांना सार्वजनिक क्षेत्रात येऊनही लागू झाला नाही. (हा खरा ‘परतावा’, इथे तो शब्द चालेल.)

मोरपीस : शेवटचा. ‘एज्युकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ला ‘शिक्षण प्रशासन’ लिहिले आहे.

टेम्सकाठ : ते तातडीने काढा. वाचकाला शिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय दिसेल. हा 2017 च्या कायद्याने आणलेला, जानेवारी 2019 अखेर लागू झालेला नादारीचा खास मार्ग आहे. न्यायालय प्रशासक नेमते, आणि धनकोंच्या पैशाआधी शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित होऊ नये हे पाहणे त्याचे काम. त्याखाली गेलेले पहिले कॉलेज केंट परगण्यातले हॅडलो, मे 2019. सहकारी बँकांमुळे ‘प्रशासक नेमला’ हे मराठी वाचकाला नीट कळते. ‘नादारीतील शिक्षण-प्रशासक व्यवस्था’ लिहा, पुढे नुसते ‘प्रशासक’.

शब्दकण : आणि शीर्षकात ‘ब्रिटनमधील’ असेल तर ‘इंग्लंडमधील’ करा. स्कॉटलंडची कॉलेजे 2014 पासूनच सार्वजनिक धरली जातात, तिथले नियम निराळे आहेत.